घर सासूच्या नावावर, मग सुनेने राहायचं कुठे?

प्रश्न : आमच्या वरच्या मजल्यावर नवरा, बायको, दोन लहान मुलं आणि सासू असं कुटुंब राहतं. बाई कापडाच्या दुकानात नोकरी करते. पगार झाला की नवरा लगेच पैसे काढून घेतो, तिचं एटीएम कार्ड त्याच्याच खिशात असतं. शिवीगाळ आणि हात उचलणं नेहमीचंच. गेल्या आठवड्यात त्याने तिला रात्री दाराबाहेर काढलं, तेव्हा ती आमच्याकडे झोपली. सकाळी पोलिसांकडे गेलो तर त्यांनी एनसी लिहून घेतली आणि ‘घरगुती मामला आहे, समजुतीने घ्या’ म्हणाले. सासू म्हणते, घर माझ्या नावावर आहे, हिचा इथे काय हक्क? बाईला भीती अशी की केस केली तर नवरा आत जाईल, त्याची नोकरी जाईल आणि गोष्ट घटस्फोटावर येईल. तिला फक्त मार थांबायला हवा आहे. कायद्यात अशी काही सोय आहे का? आणि आम्ही पडलो शेजारी. आम्हाला यात बोलता येतं का?
— एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ‘तिला फक्त मार थांबायला हवा आहे’ हे तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य. नेमक्या एवढ्याच मागणीसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा आहे. त्याचं नाव ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005’. तो 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. कोर्टाच्या आवारात त्याला सगळे नुसतं ‘डीव्ही’ (डोमेस्टिक व्हायोलन्स) म्हणतात. पुष्कळांनी नाव ऐकलेलं असतं, पण तो नवऱ्याला तुरुंगात टाकणारा कायदा आहे असा त्यांचा समज असतो. तुमच्या शेजारणीची भीतीही तिथूनच आली आहे, म्हणून आधी तेवढं स्पष्ट करू.

हा कायदा येण्यापूर्वी अशा बाईपुढे मुख्यतः दोन वाटा होत्या. पहिली फौजदारी. भारतीय दंड संहितेत 1983 साली 498अ हे कलम आलं. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी छळ केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी त्यात शिक्षा होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम 85 आणि 86 मध्ये आहे. दुसरी वाट दिवाणी, म्हणजे घटस्फोट किंवा पोटगी. पहिल्या वाटेने गुन्हेगाराला शिक्षा होते, दुसरीने नातं तुटतं किंवा खर्चाला पैसे मिळतात. पण आज रात्री मी याच घरात झोपणार आहे आणि मला कोणी हात लावता कामा नये, एवढंच जिला म्हणायचं होतं, तिला दोन्हींकडून पटकन काही मिळत नव्हतं. ही उणीव भरून काढण्यासाठी 2005 चा कायदा केला गेला.

त्यामुळे या कायद्याखाली अर्ज केला की पहिल्याच दिवशी कोणाला अटक होत नाही. बाई न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते आणि आदेश मागते: याने मला मारू नये, माझ्या कामाच्या जागी येऊन त्रास देऊ नये, मला घराबाहेर काढू नये, माझे दागिने परत द्यावेत, मुलांच्या खर्चाला पैसे द्यावेत. दंडाधिकारी नवऱ्याला नोटीस काढतात, त्याचंही म्हणणं ऐकतात आणि आदेश देतात. यात घटस्फोट मागावा लागत नाही आणि आदेशामुळे लग्न मोडत नाही. ती त्याची बायको म्हणून त्याच घरात राहू शकते. नवऱ्याने संरक्षणाचा आदेश मोडला तरच तो गुन्हा ठरतो. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात आणि तो गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे. म्हणजे तुरुंगात जायचं की नाही हे आदेशानंतरच्या नवऱ्याच्या वागण्यावर ठरतं. तुमच्या शेजारणीला हे कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं, कारण ‘केस केली तर माझ्यामुळे तो आत जाईल’ हे ओझं पुष्कळ बायका विनाकारण वाहत असतात.

आता हिंसा कशाला म्हणायचं ते पाहू. हाड मोडलं, टाके पडले, डॉक्टरांनी लिहून दिलं तरच केस उभी राहते, असं बहुतेकांना वाटतं. कायद्याने मात्र हिंसेचे चार प्रकार मानले आहेत: शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. या कायद्याच्या नियमांसोबत एक छापील नमुना आहे, घरगुती घटनेचा अहवाल. या कायद्यासाठी नेमलेले संरक्षण अधिकारी तो बाईला विचारून भरतात. त्यात एकेका प्रकाराखाली बारीकसारीक गोष्टींची यादीच आहे आणि जे घडलं त्यावर खूण करायची असते. शारीरिकमध्ये थप्पड, लाथ, ढकलणं, चावणं. शाब्दिकमध्ये चारित्र्यावर संशय घेणं, हुंडा आणला नाही म्हणून टोमणे मारणं, मुलगा झाला नाही म्हणून अपमान करणं, नोकरीला जाऊ न देणं, अमुक माणसाला भेटायचं नाही अशी बंदी घालणं, अगदी ‘मी जीव देईन’ अशी धमकी देणंसुद्धा. आर्थिकमध्ये खाणं, कपडे, औषध यांना पैसे न देणं, राहत्या घरातून हाकलणं, घराचा एखादा भाग वापरू न देणं, विजेचं बिल न भरणं, स्त्रीधन न विचारता विकणं किंवा गहाण टाकणं, आणि पगार जबरदस्तीने काढून घेणं.

या यादीपुढे तुमचं पत्र धरा. पगार काढून घेणं त्यात आहे, रात्री दाराबाहेर काढणं आहे, शिवीगाळ आहे, हात उचलणंही आहे. शेजारीपाजारी ज्याला ‘नवरा जरा तापट आहे’ म्हणून सोडून देतात, त्यातलं जवळपास सगळं सरकारी फॉर्ममध्ये नावानिशी छापलेलं आहे. एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असणं ही तर इतकी सर्रास गोष्ट आहे की ती हिंसेत मोडते हे ऐकून शिकलेली माणसंही चमकतात. बाईचे पैसे बाईच्या हाती नसले की रात्री रिक्षा करून माहेरी जाण्याचीही सोय उरत नाही. मार खाऊन तिला परत त्याच दारात यावं लागतं. आर्थिक हिंसेला कायद्याने वेगळं स्थान दिलं ते यासाठी.

मग सासूबाईंचा मुद्दा. घर त्यांच्या नावावर आहे हे खरं असेल, पण त्यावरून त्या काढतात तो निष्कर्ष बरोबर नाही. या कायद्यात ‘सामायिक घर’ अशी कल्पना आहे. बाई ज्या घरात घरगुती नात्याने राहते किंवा राहिलेली आहे ते तिचं सामायिक घर. ते नवऱ्याचं असो, एकत्र कुटुंबाचं असो किंवा भाड्याचं असो, त्यात राहण्याचा तिला हक्क आहे. सातबारावर किंवा सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर तिचं नाव असावं लागत नाही.

सासूच्या नावावरच्या घराबद्दल मात्र बरीच वर्षं गोंधळ होता आणि तो काही सासूबाईंनी मनाने निर्माण केलेला नाही. डिसेंबर 2006 मध्ये, म्हणजे कायदा लागू होऊन दोन महिने होत नाहीत तोच, सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सामायिक घराचा अर्थ फार अरुंद लावला. घर नवऱ्याच्या मालकीचं, त्याने भाड्याने घेतलेलं किंवा एकत्र कुटुंबाचं असलं तरच सुनेचा हक्क. सासू-सासऱ्यांच्या स्वतंत्र मालकीच्या घरात नाही. परिणाम काय होणार? आपल्याकडे लग्न होऊन मुलगी येते ती बहुधा सासू-सासऱ्यांच्याच घरात. भांडण झालं की ‘घर आमचं, मुलाचं काही नाही’ एवढं म्हटलं की सून रस्त्यावर. कायद्याने दिलेलं छप्पर त्या निकालाने पुष्कळ घरांपुरतं काढून घेतलं, असंच म्हणावं लागेल.

15 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो अर्थ चुकीचा ठरवला. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी सून तिथे काही काळ टिकून, घर म्हणून राहिलेली असेल, तर ते तिचं सामायिक घर ठरू शकतं. चार दिवस पाहुणी म्हणून राहिलेलं घर मात्र त्यात येत नाही. पुढे मे 2022 मध्ये याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. जिला सासरच्या घरात राहण्याचा हक्क होता पण प्रत्यक्ष राहूच दिलं गेलं नाही, तीही या कायद्याचा आधार घेऊ शकते. तुमची शेजारीण तर मुलाबाळांसह त्याच घरात संसार करते आहे. ‘हिचा इथे काय हक्क’ याला आज कायद्याचं उत्तर आहे: राहण्याचा.

इथे दुसऱ्या टोकाला जाऊ नका. राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नव्हे. घर सासूबाईंचंच राहतं, त्यात सुनेला हिस्सा मिळत नाही. तिला बाहेर काढायचं असेल तर कायद्याच्या रीतसर मार्गाने कोर्टात जावं लागेल. रात्री पिशवी बाहेर फेकून आतून कडी लावता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना शांतपणे जगता यावं हेही न्यायालयाने लक्षात घ्यायचं असतं, आणि 2020 च्या निकालातच तसं म्हटलं आहे. त्यामुळे प्रकरण पाहून दंडाधिकारी घरातली एखादी खोली तिच्यासाठी राखू शकतात, नवऱ्याला तिथे यायला मनाई करू शकतात, नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतात, किंवा त्याच्या खर्चाने त्याच दर्जाची दुसरी जागा घेऊन द्यायला लावू शकतात. घरातल्या कोणत्याही बाईला मात्र ‘तू बाहेर हो’ असा आदेश देता येत नाही, तशी तरतूद कायद्यातच आहे. तेव्हा सुनेच्या अर्जाने आपल्याला घराबाहेर जावं लागेल अशी धास्ती सासूबाईंनी बाळगायचं कारण नाही.

किंबहुना हा कायदा फक्त सुनांचा आहे हाच एक मोठा गैरसमज. आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी स्त्री, या सगळ्या जणी अर्ज करू शकतात. मुलगा दारू पिऊन आईला मारत असेल तर तिच्यासाठीही हाच कायदा आहे. पूर्वी मुख्यतः प्रौढ पुरुषाविरुद्धच अर्ज करता येई. मुंबईतल्या एका आई-मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 6 ऑक्टोबर 2016 रोजी ‘प्रौढ पुरुष’ ही अट रद्द केली. त्यामुळे हिंसा करणाऱ्या स्त्रीविरुद्धही आता दाद मागता येते.

आता पोलीस आणि एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. साधी मारहाण अदखलपात्र गुन्ह्यात मोडते, तेव्हा पोलीस नोंद करून कोर्टाची वाट दाखवतात. म्हणून एनसी लिहिली गेली. पण तुमच्या पत्रात एका थपडेची गोष्ट नाही, चाललेल्या छळाची आहे. तसा छळ कलम 85 खाली बसत असेल आणि तक्रार स्वतः बाईने किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तक नात्यातल्या माणसाने दिली असेल, तर तो दखलपात्र गुन्हा ठरतो. दुसरं म्हणजे, हिंसेची तक्रार घेऊन आलेल्या बाईला तिचे हक्क सांगणं हे पोलिसांचं काम आहे. आदेश मागण्याचा हक्क, संरक्षण अधिकाऱ्याची मदत, मोफत वकील, हे सगळं त्यांनी तिला सांगायचं असतं, कायद्याच्या कलम 5 मध्ये ते स्पष्ट लिहिलं आहे. समजुतीने घ्या म्हणून परत पाठवणं त्या कलमात बसत नाही. एनसीची प्रत मात्र जपून ठेवा. वाया गेलेला कागद म्हणून ती फेकू नका, पुढे तारखेनिशी पुरावा म्हणून उपयोगी पडते.

छळाची फौजदारी तक्रार बाईने किंवा तिच्या नात्यातल्या माणसांनीच द्यायची असते, मग शेजाऱ्याने काय करायचं? त्याचं उत्तर 2005 च्या कायद्याच्या कलम 4 मध्ये आहे. घरगुती हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याचा संभव आहे असं ज्याला सकारण वाटतं, अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. आणि प्रामाणिक हेतूने माहिती देणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये ही शिकवण आपल्यात खोल मुरलेली आहे. कायदा करणाऱ्यांना ती ठाऊक होती, म्हणून तर त्यांनी शेजाऱ्यांसाठी दार मुद्दाम उघडं ठेवलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) लग्न झालेल्या 18 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे 29 टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि अशी हिंसा सोसलेल्यांपैकी कुठेतरी मदत मागणाऱ्या होत्या जेमतेम 14 टक्के. बाकीच्या घरांत काय चालतं हे कोणाला ठाऊक असतं? भिंतीपलीकडच्यांना. फक्त एक काळजी घ्या: बाईला न विचारता परस्पर काही करू नका. तक्रारीनंतर त्या घरात रात्र तिलाच काढायची असते. जिवाला धोका दिसत असेल तेव्हा मात्र विचारत बसू नका, 112 ला फोन करा.

संरक्षण अधिकारी हे महिला व बालविकास विभागाखाली काम करतात. ते कुठे बसतात हे जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात कळेल. 181 या महिला हेल्पलाइनवरही विचारता येतं. महाराष्ट्रात पोलीस ठाण्यांच्या आवारात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था आणि मुंबई पोलीस यांनी 1984 साली सुरू केलेल्या कामातून ते वाढले. नागपूर, पुणे अशा शहरांत पोलिसांचा भरोसा सेल आहे. संरक्षण अधिकाऱ्यांचा अहवाल असला तर केसला बळ येतं, पण तो नाही म्हणून अर्ज अडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या त्या निकालात हेही सांगितलं आहे. बाई थेट दंडाधिकाऱ्यांकडे जाऊ शकते. अर्ज सासरच्याच गावी करायला हवा असंही नाही. ती तात्पुरती माहेरी राहत असेल तर तिथल्या कोर्टातही चालतो.

अर्जानंतरची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. हे वाचून शेजारणीला दोन महिन्यांचा वायदा देऊ नका. पुष्कळ कोर्टांत ही मुदत पाळली जात नाही, समोरचा पक्ष गैरहजर राहतो, तारखा पडत राहतात. ही या कायद्याची सगळ्यात दुखरी बाजू आहे, आणि मार खाणाऱ्या बाईला सहा महिन्यांनी मिळालेला आदेश पुरेसा नाही हे वेगळं सांगायला नको. त्यावर कायद्यातच एक उपाय आहे, पण तो मागावा लागतो: अंतरिम आदेश. मुख्य अर्जासोबतच प्रतिज्ञापत्र जोडून तो मागितला, तर दंडाधिकारी तेवढ्यावर, गरज वाटल्यास नवऱ्याचं म्हणणं ऐकण्याआधीही, तात्पुरता आदेश देऊ शकतात. वकिलाला पहिल्याच भेटीत हे विचारून घ्या. आदेश झाला की त्याची प्रत दोन्ही पक्षांना आणि पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला मोफत मिळते. त्यामुळे पुढच्या वेळी तिला ‘घरगुती मामला’ हे ऐकून परत यावं लागू नये.

पैशांचंही असंच. नवऱ्याने ठरलेला खर्च दिला नाही तर दंडाधिकारी थेट त्याच्या मालकाला, म्हणजे नोकरी देणाऱ्याला, पगारातून तेवढी रक्कम बाईला द्यायला किंवा कोर्टात भरायला सांगू शकतात. म्हणून नवरा कुठे काम करतो, त्या जागेचं नाव आणि पत्ता अर्जात नीट लिहा. तिचं बँक खातं तिच्या नावावर असेल तर जुनं कार्ड बंद करून नवीन घेणं आणि खात्याला जोडलेला मोबाईल नंबर बदलून घेणं यासाठी कोर्टाची वाट पाहायची गरज नाही, फक्त ते केल्यावर घरात काय घडेल याचा विचार आधी व्हायला हवा.

कागदपत्रांची फार जमवाजमव लागत नाही. लग्नाचा काही पुरावा, आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले, एनसीची प्रत, पगाराचं बँक स्टेटमेंट. मारहाणीनंतर सरकारी दवाखान्यात दाखवलं असेल तर केसपेपर. दवाखान्यात ‘पडले’ असं सांगायची पद्धत पडून गेली आहे. ती मोडून जे झालं तेच सांगायला तिला धीर द्या, कारण केसपेपरवर तेच उतरतं. दागिने किंवा मूळ कागद घरात असतील तर त्यांचे फोटो काढून तुमच्या फोनवर ठेवा.

आणि वकिलाची फी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या कोर्टात त्याची समिती असते, आणि 15100 हा त्यांचा फोन नंबर आहे. शेजारीण दुकानात कामाला जाते, तेव्हा तिला सुटीच्या दिवशीच जमत असेल, पण त्या दिवशी कोर्टही बंद असू शकतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून जायचं असेल तर मुलांना शाळेतून आणण्याचं काम तुम्ही घ्या आणि तिच्यासोबत तुमच्या घरातलं कोणीतरी पाठवा.